फोन ठेवल्यानंतरचा दवाखाना

दूरचिकित्सेवर, म्हणजे फोन किंवा व्हिडिओवरून होणाऱ्या उपचारांवर, भारतात जे लिहिले जाते, त्यात एका बाजूला ‘ई-संजीवनी’ या सरकारी दूरसल्ला सेवेवरून दिलेल्या सल्ल्यांचे आकडे असतात आणि दुसऱ्या बाजूला ‘रुग्णाला हात न लावता औषध कसे लिहायचे?’ हा जुन्या डॉक्टरांचा सवाल असतो. इंग्लंडमध्ये राहू लागल्यापासून मला हे दोन्ही युक्तिवाद अर्धेच वाटतात.

येथे रुग्णाची नोंद एका जीपी (म्हणजे फॅमिली डॉक्टरांच्या) दवाखान्यात असते आणि त्याचे जुने कागद तेथेच असतात. एप्रिल २०२० मध्ये निम्म्याहून कमी भेटी प्रत्यक्ष झाल्या. साथ ओसरल्यावर ते प्रमाण सुमारे दोन-तृतीयांशापर्यंत परतले, तरी फोन राहिलाच. (सकाळी आठला फोन लागत नाही, ही कुरकुरही राहिली.)

एका हिवाळ्यात माझे पोट दुखू लागले. डॉक्टरांनी फोनवर दुखणे कुठून कुठे सरकले, खोकल्यावर वाढते का, एवढेच विचारले आणि दुपारी बोलावले. तेथे त्यांनी पोट हळूच दाबले, हात झटकन उचलला आणि माझ्या चेहऱ्याकडे पाहिले. दुखणे अपेंडिक्सचे नव्हते, पण ही तपासणी कॅमेऱ्यावर होण्यासारखी नव्हती आणि त्याच दवाखान्यात त्याच दिवशी जागा नसती, तर सकाळच्या फोनला फारसा अर्थ उरला नसता.

भारतात २५ मार्च २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांनी दूरसल्ल्याला रीतसर मान्यता दिली, फोनवर कोणती औषधे लिहिता येणार नाहीत हे सांगितले आणि प्रत्यक्ष तपासणी हवी की नको, हा निर्णय डॉक्टरांवर सोपवला. ती हवी असे ठरल्यावर रुग्णाने जायचे कुठे, हा प्रश्न मात्र बाहेरच राहिला. म्हणूनच ‘ई-संजीवनी’च्या दोन रूपांपैकी, घरून थेट अनोळखी डॉक्टरांशी बोलण्यापेक्षा, आरोग्य केंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी रुग्णाशेजारी बसून रक्तदाब मोजतात आणि डॉक्टर पडद्यावर असतात, ते रूप मला अधिक भरवशाचे वाटते. त्याची चर्चा कमी होते, कारण त्यासाठी केंद्र उघडे आणि पद भरलेले असावे लागते.

माझ्या आईच्या साखरेचे आकडे तिचे नेहमीचे डॉक्टर फोनवर ऐकून गोळी कमी-जास्त करतात, त्याला माझी हरकत नाही. तळपायांची संवेदना तपासायला मात्र तिला वर्षातून एकदा तरी जावेच लागते आणि त्या दिवशी तिला कोण नेणार, हे मी आदल्या आठवड्यात येथून फोन करून ठरवतो.