त्रेसष्ट अभ्यास आणि एक घाईचा निष्कर्ष

‘बुद्धी जितकी तल्लख, तितकी देवावरची श्रद्धा कमी, आणि हे आता विज्ञानाने सिद्ध केले आहे’ असे सांगणारा मजकूर गेली काही वर्षे हातोहात फिरतो आहे. त्याच्या पुष्ट्यर्थ चार पुरावे दिले जातात. त्रेसष्टपैकी त्रेपन्न अभ्यासांत बुद्धी आणि धार्मिकता यांचे नाते उलटे निघाले. १३७ देशांच्या तुलनेत जास्त बुद्ध्यंकाचे देश जास्त नास्तिक ठरले. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीतले ९३ टक्के शास्त्रज्ञ नास्तिक आहेत. आणि माणसाला नुसते विचार करायला प्रवृत्त केले तरी त्याची श्रद्धा घटते. या चारांवरून शेवटी असा निष्कर्ष काढला जातो की श्रद्धा म्हणजे बुद्धीची उणीव. यातले बहुतेक आकडे प्रत्यक्ष संशोधनातून आलेले आहेत, म्हणूनच ते मुळातून तपासले पाहिजेत.

पहिला पुरावा सर्वांत भक्कम आहे आणि तो नाकारण्याचे कारण नाही. मानसशास्त्रज्ञ मिरन झुकरमन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी २०१३ साली जुन्या-नव्या ६३ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध केले. त्यांपैकी ५३ अभ्यासांत सहसंबंध ऋण होता, म्हणजे बुद्धिमत्ता चाचणीत गुण जास्त तिथे धार्मिकता कमी असा कल होता. संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकणारे ऋण सहसंबंध मात्र ३५ होते, आणि तसे टिकणारे धन सहसंबंध केवळ दोन. कल आहे, आणि तो योगायोग नाही. त्याच गटाने पुढे आणखी अभ्यास मिळवून केलेल्या विश्लेषणातही तो दिसला. श्रद्धावंतांपैकी जे लोक ‘हे सगळे पाश्चात्त्यांचे कारस्थान आहे’ असे म्हणून विषय संपवतात, त्यांचे म्हणणे येथे टिकत नाही.

प्रश्न आहे तो हा कल किती मोठा आहे याचा, आणि नेमका तोच आकडा फिरणाऱ्या मजकुरातून गळालेला असतो. ‘त्रेसष्टपैकी त्रेपन्न’ ऐकताना वाचकाच्या मनात ‘शंभरातले चौऱ्याऐंशी बुद्धिमान नास्तिक’ असे काहीतरी उमटते. परंतु ही मोजणी अभ्यासांची आहे, माणसांची नाही. सरासरी सहसंबंध गुणांक (दोन गोष्टींचे नाते किती घट्ट आहे ते सांगणारा आकडा; शून्य म्हणजे नाते नाही, एक किंवा उणे एक म्हणजे पूर्ण नाते) सुमारे उणे ०.२४ होता. या आकड्याचा वर्ग केला की कळते की माणसामाणसांतल्या धार्मिकतेच्या फरकापैकी जेमतेम सहा टक्के भाग बुद्धिमत्ता चाचणीच्या गुणांशी जुळतो. उरलेल्या चौऱ्याण्णव टक्क्यांशी त्या गुणांचा मेळ बसत नाही. दुसऱ्या प्रकारे सांगायचे तर, सहज निवडलेल्या दोन माणसांपैकी जास्त गुण मिळवणारा माणूसच कमी धार्मिक असेल अशी पैज लावली, तर (दोन्ही गोष्टींची विभागणी नेहमीच्या घंटाकृती वक्राप्रमाणे आहे असे धरून) ती शंभरात सुमारे अठ्ठावन्न वेळा जिंकता येईल. नाणे उडवून तीच पैज पन्नास वेळा जिंकता येते. २०२२ मध्ये व्हिएन्ना विद्यापीठातील दोन संशोधकांनी दोन लाखांहून अधिक व्यक्तींची आकडेवारी एकत्र केली तेव्हा गुणांक उणे ०.१४ वर आला. त्या हिशेबाने पैज पंचावन्नपेक्षाही कमी वेळा जिंकली जाईल आणि फरकातला वाटा दोन टक्क्यांवर उतरेल. समोर बसलेल्या एखाद्या व्यक्तीची श्रद्धा पाहून तिच्या बुद्धीविषयी बोलण्याचा अधिकार इतक्या क्षीण कलातून मिळत नाही.

या अभ्यासांमध्ये मोजली गेलेली माणसे कोण होती हेही पाहिले पाहिजे. २०१३ च्या विश्लेषणातले बहुतेक अभ्यास अमेरिकेतले होते, आणि आपले निष्कर्ष पाश्चात्त्य समाजांपुरतेच लागू मानावेत असे संशोधकांनी स्वतःच बजावले होते. त्यांनी सुचवलेल्या कारणांपैकी एक तर फार बोलके आहे: बुद्धिमान माणूस समाजाच्या चालीपुढे सहसा कमी झुकतो, आणि समाज श्रद्धाळू असेल तर न झुकणारा माणूस अश्रद्ध दिसतो. हे कारण खरे असेल, तर मोजले जाते आहे ते देवाविषयीचे मत कमी आणि बहुमताशी असलेले अंतर जास्त. मग जिथे नास्तिकता हीच रीत आहे तिथे कल बदलायला हवा. एवढ्या एका कारणाने सगळे उलगडत नाही हे मान्य. पण मूळ संशोधकांनी मांडलेली शक्यता मजकुरात औषधालाही सापडत नाही, याचे नवल वाटते.

काळाचा पुरावाही विचारात घ्यावा असा आहे. बुद्ध्यंकाचे अभ्यासक जेम्स फ्लिन यांनी दाखवून दिले की १९३२ ते १९७८ या काळात अमेरिकेतील सरासरी बुद्ध्यंक सुमारे चौदा गुणांनी वाढला. श्रद्धेचे त्या काळात काय झाले? गॅलप या जनमत आजमावणाऱ्या संस्थेच्या पाहणीत देव मानतो असे सांगणाऱ्यांचे प्रमाण १९४४ मध्ये ९६ टक्के आणि १९६७ मध्ये ९८ टक्के होते. ते लक्षात येईल इतके घसरले ते बरेच अलीकडे, २०२२ मध्ये ८१ टक्क्यांवर. आणि या घसरणीचे श्रेय बुद्ध्यंकातल्या एखाद्या नव्या उसळीला देता येत नाही. यावर कोणी म्हणेल की चाचणीचे वाढलेले गुण म्हणजे खरी वाढलेली बुद्धी नव्हे. फ्लिन यांनाही तसेच वाटत होते. पण मग चाचणीचे गुण म्हणजेच बुद्धी हे गृहीत पहिल्या पुराव्यातही तितकेच तपासावे लागेल.

दुसरा पुरावा १३७ देशांचा. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड लिन आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये देशांचा सरासरी बुद्ध्यंक आणि तिथले देव न मानणाऱ्यांचे प्रमाण यांत ०.६० इतका सहसंबंध दाखवला. आकडा मोठा आहे, पाया मात्र कच्चा आहे. लिन यांच्या देशनिहाय बुद्ध्यंकांच्या यादीत, ज्या देशांची मोजणीच उपलब्ध नव्हती त्यांना शेजारी देशांवरून अंदाजाने गुण दिलेले होते, आणि जिथे मोजणी होती तिथेही ती अनेकदा लहान, प्रातिनिधिक नसलेल्या गटांची होती. तरीही वादासाठी हे सगळे आकडे बिनचूक मानू. देशांच्या सरासरीवरून व्यक्तीविषयी बोलणे ही चूक समाजशास्त्रज्ञ विल्यम रॉबिन्सन यांनी १९५० सालीच उघड केली होती. अमेरिकेच्या १९३० च्या जनगणनेत, ज्या राज्यांत परदेशात जन्मलेल्यांचे प्रमाण जास्त होते तिथे निरक्षरता कमी होती (सहसंबंध उणे ०.५३), यावरून परदेशात जन्मलेले लोक अधिक साक्षर असावेत असे वाटेल. व्यक्तिशः मोजल्यावर ते स्थानिकांपेक्षा किंचित अधिक निरक्षर निघाले (अधिक ०.१२). कारण साधे होते: स्थलांतरित लोक ज्या राज्यांत वसले, तिथल्या मूळ रहिवाशांतच साक्षरता जास्त होती. देशांच्या यादीतही शिक्षण, आयुर्मान, आर्थिक सुरक्षितता आणि राज्यसंस्थेचे धोरण या साऱ्या गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या असतात. चेक प्रजासत्ताक, एस्टोनिया किंवा चीन येथील नास्तिकतेचा विचार करताना तिथल्या कम्युनिस्ट राजवटींचा उल्लेखही न करता बुद्ध्यंकाकडे बोट दाखवणे म्हणजे इतिहासाला रजा देणे होय.

तिसऱ्या पुराव्यात आकडा मोडून पुन्हा जोडलेला आहे. एडवर्ड लार्सन आणि लॅरी विटहॅम यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या ५१७ सदस्यांना प्रश्नावली पाठवली होती आणि निम्म्याहून थोड्या अधिकांनी उत्तरे दिली. त्यांपैकी ७ टक्क्यांनी देव मानतो असे सांगितले, ७२.२ टक्क्यांनी मानत नाही असे सांगितले, आणि २०.८ टक्के साशंक किंवा अज्ञेयवादी होते. ‘९३ टक्के नास्तिक’ हा आकडा या शेवटच्या दोन गटांची बेरीज आहे. ‘मला ठाऊक नाही’ म्हणणाऱ्या प्रत्येक पाचव्या शास्त्रज्ञाला न विचारता एका पक्षात ओढले गेले आहे. शिवाय प्रश्न मानसशास्त्रज्ञ जेम्स ल्युबा यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात तयार केलेला होता, आणि त्यातला देव म्हणजे ज्याची प्रार्थना केल्यास उत्तर मिळेल अशी अपेक्षा ठेवता येते असा देव. निर्गुण ब्रह्म मानणारा एखादा वेदान्तीही या प्रश्नाला ‘नाही’ म्हणून मोकळा झाला असता.

तरीही बहात्तर टक्के हे प्रमाण मोठे आहे, आणि त्याला उत्तर द्यायला हवे. त्याच दोघा संशोधकांनी १९९६ मध्ये अकादमीच्या उच्चासनावर नसलेल्या सर्वसाधारण शास्त्रज्ञांना तोच प्रश्न विचारला तेव्हा सुमारे ३९ टक्क्यांनी देव मानतो असे सांगितले होते. ल्युबा यांनी त्याच्या सुमारे ऐंशी वर्षे आधी विचारले तेव्हा ते प्रमाण सुमारे ४२ टक्के होते. मधल्या काळात विज्ञान ओळखू येणार नाही इतके बदलले, हा आकडा जवळपास जागेवरच राहिला. अकादमीतल्या सदस्यांत गणितज्ञांची श्रद्धा सर्वाधिक होती, सुमारे १४ टक्के, आणि जीवशास्त्रज्ञांची सर्वांत कमी, ५.५ टक्के. या फरकाचे कारण बुद्धीत शोधायचे, तर जीवशास्त्रज्ञ गणितज्ञांहून कितीतरी अधिक बुद्धिमान असतात असे मानावे लागेल, आणि ते मानायला स्वतः जीवशास्त्रज्ञही धजावणार नाहीत. विद्याशाखेची घडण, तिथली संगत आणि मुळात कोणत्या घरातली मुले त्या शाखेकडे वळतात, या गोष्टी अधिक संभवनीय आहेत. समाजशास्त्रज्ञ इलेन हॉवर्ड एक्लंड यांना अमेरिकेतल्या नामवंत विद्यापीठांमधील शास्त्रज्ञांच्या पाहणीत असे आढळले की त्यांच्या धार्मिकतेचा अंदाज बांधायला बालपणीचे घरचे वातावरण फार उपयोगी पडते. एक्लंड यांच्याच पुढील आंतरराष्ट्रीय पाहणीत हाँगकाँगमधले ३९ टक्के शास्त्रज्ञ स्वतःला धार्मिक म्हणवत होते, तर तिथल्या सर्वसामान्य लोकांत हे प्रमाण २० टक्के होते. तैवानमध्ये शास्त्रज्ञ ५४ टक्के आणि सर्वसामान्य ४४ टक्के. चित्र उलटे झाले. समाज बदलला की कलही बदलू शकतो, हे येथे मोजून दाखवता येते.

चौथ्या पुराव्याविषयी फार लिहिण्याची गरज नाही. विल गर्वे आणि आरा नोरेन्झायन यांच्या २०१२ मधल्या एका प्रयोगात सत्तावन्न जणांपैकी काहींना रोदाँचे ‘विचारवंत’ हे शिल्प दाखवले गेले आणि त्यांनी श्रद्धा कमी असल्याचे सांगितले. पुढे नऊशेहून अधिक लोकांवर तोच प्रयोग केला गेला तेव्हा तो परिणाम दिसला नाही, आणि २०१८ मध्ये नामांकित नियतकालिकांतल्या २१ प्रयोगांची फेरतपासणी झाली तेव्हाही तो टिकला नाही. गर्वे यांनी तेरा देशांत केलेल्या पाहणीतही चिकित्सक विचार आणि अश्रद्धा यांचे नाते क्षीण आणि देशागणिक बदलणारे आढळले. आपल्याच निष्कर्षाला असे पुन्हा कसोटीवर लावणारे संशोधक मजकूर फिरवणाऱ्यांपेक्षा कितीतरी प्रामाणिक म्हणावे लागतील.

आता निष्कर्ष. समजा, वरचे सगळे आक्षेप बाजूला ठेवले आणि सहसंबंध दुप्पट मानला, तरी त्यातून ‘देव नाही’ हे निघत नाही आणि ‘आहे’ हेही निघत नाही. एखादे मत कोण बाळगतो यावरून त्या मताचे खरेखोटेपण ठरत नाही. ते त्या मतामागच्या युक्तिवादावरून ठरते. आणि याच प्रश्नावर भारतीय तर्कशास्त्रात शतकानुशतके वाद झाला. घटाला कुंभार लागतो तसा कार्यरूप जगालाही कर्ता हवा, अशा अनुमानांच्या बळावर उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’त ईश्वर सिद्ध करण्याचा प्रयत्न केला, अकराव्या शतकातल्या रत्नकीर्ती या बौद्ध पंडिताने ईश्वरसिद्धीची अनुमाने खोडण्यासाठी स्वतंत्र ग्रंथ लिहिला, आणि वेदांना प्रमाण मानणाऱ्या कुमारिल भट्टांनी जगाचा निर्माता असा ईश्वर नाकारला. यांपैकी कोणाची बुद्धी उणी होती असे त्यांचे ग्रंथ उघडणारा माणूस म्हणू शकणार नाही. त्यांचे मतभेद कर्तृत्वाचे अनुमान कुठवर ताणता येते यावर होते, प्रतिपक्ष्याच्या डोक्यात काय कमी आहे यावर नव्हते.

उलट, तीक्ष्ण बुद्धीचा एक धोका अलीकडच्या संशोधनात दिसतो. डॅन काहान आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये अमेरिकेत हवामानबदलाच्या धोक्याविषयीची मते तपासली तेव्हा विज्ञानाची जाण आणि आकड्यांची हातोटी अधिक असलेले लोक एकमेकांच्या जवळ आले नव्हते. दोन्ही बाजूंचे लोक अधिकच दूर गेले होते. आधीच धरलेल्या मताला चांगली कारणे शोधून देण्याचे कामही बुद्धी उत्तम करते. हे श्रद्धावंतालाही लागू आहे आणि अश्रद्धालाही.

या मजकुराला उत्तर म्हणून जी दुसरी यादी फिरते, तीही याच दोषाने ग्रासलेली आहे. नामगिरी देवीला आपल्या सूत्रांचे श्रेय देणारे रामानुजन त्या यादीत असतात, पण त्यांची प्रतिभा ओळखणारे इंग्रज गणितज्ञ हार्डी पक्के निरीश्वरवादी होते हे सांगितले जात नाही. १९७९ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाल्यावर मेजवानीच्या भाषणात कुराणातल्या ओळी म्हणणारे अब्दुस सलाम असतात, पण त्याच सिद्धांतासाठी त्यांच्यासोबत तो सन्मान मिळवणारे स्टीव्हन वाइनबर्ग उघडपणे नास्तिक होते हे वगळले जाते. आइन्स्टाइन यांचे नाव तर हटकून येते. विश्वाच्या सुसंगतीत प्रकटणारा, सतराव्या शतकातल्या स्पिनोझा या तत्त्वज्ञाचा देव आपण मानतो असे ते म्हणाले होते खरे. पण १९५४ साली तत्त्वज्ञ एरिक गुटकिंड यांना लिहिलेल्या पत्रात देव हा शब्द आपल्या दृष्टीने मानवी दुर्बलतेची उपज आहे, असेही त्यांनीच लिहिले. त्यांना आस्तिकांच्या यादीत घालणाऱ्यांना हे पत्र अडचणीचे ठरते आणि नास्तिकांच्या यादीत घालणाऱ्यांना स्पिनोझा.