हळद फिकट दिसली, त्यात स्क्रीनचा दोष नाही

सांगलीतल्या फोटोवाल्यांमध्ये एक मेसेज फिरतोय : "वेबसाइटसाठी कलर मॅनेजमेंट म्हणजे वेळेची नासाडी. प्रत्येकाची स्क्रीन वेगळीच असते. अडोबी आरजीबीत काढा, रंग जास्त मिळतात. प्रोफाइल उडवा, फाइल हलकी होते. मोबाइलवर बघा आणि द्या सोडून."

कलर मॅनेजमेंट म्हणजे रंग सगळीकडे शक्य तितका सारखा दिसावा म्हणून घ्यायची काळजी. अडोबी आरजीबी आणि एसआरजीबी ही रंग आकड्यांत लिहायची दोन मापं, आणि प्रोफाइल म्हणजे कुठलं माप वापरलंय, ती फाइलमधली छोटी नोंद. प्रोफाइलचं आधी घेतो, कारण तिथं मी स्वतः पोळलोय. मार्केट यार्डातल्या एका अडत्यासाठी राजापुरी हळदीचे फोटो काढले, अडोबी आरजीबीतच दिले. साइटवर चढवणाऱ्यानं फाइल बारीक करताना प्रोफाइल गाळलं. अडत्याचा फोन : "अहो, हा गेल्या वर्षीचा माल वाटतोय की!"

झालं काय, तर फाइलमध्ये रंग नसतो, आकडे असतात. ते कुठल्या मापातले, हे प्रोफाइल सांगतं. पूर्वी मण म्हटलं की कुठला मण, हे विचारावं लागायचं, तसंच. एसआरजीबीत २२०, १५०, २० (लाल, हिरवा, निळा) असलेला हळदीचा पिवळा अडोबी आरजीबीत साधारण २०२, १४९, ४२ असा लिहिला जातो. प्रोफाइल नसलं की ब्राउझर हेच आकडे एसआरजीबीचे समजतो. लाल घटला, निळा वाढला, हळद मळकट झाली. आणि हे सगळं केलं कशासाठी? जेमतेम अर्धा केबी वाचवायला.

"रंग जास्त" हे अर्धंच खरं. अडोबी आरजीबीत मावणाऱ्या रंगांची लाल आणि निळी टोकं एसआरजीबीचीच आहेत; ताणलंय ते फक्त हिरवं टोक. तासगावचा हिरवा बेदाणासुद्धा इतका फिका असतो की एसआरजीबीत आरामात मावतो. रॉ (कॅमेऱ्याची कच्ची फाइल) काढा, हवं त्यात एडिट करा, पण देताना एसआरजीबीत 'कन्व्हर्ट' करा, म्हणजे रंग तोच ठेवून आकडे बदला, आणि प्रोफाइल आत ठेवा. 'असाइन', म्हणजे नुसतं प्रोफाइल बदलणं, नको; त्यानं आकडे तेच राहतात, रंग बदलतो.

स्क्रीन वेगवेगळ्या असतात, मान्य. पण एकाच पानावर हळकुंड आणि पावडर शेजारी असली, तर दोन्ही त्याच स्क्रीनवर दिसतात. एक फाइल चुकली की फरक लगेच डोळ्यात येतो.

मोबाइलवर जरूर बघा, फक्त आधी रंग भडक दाखवणारा 'व्हिव्हिड' मोड बंद करा. हा मेसेज लिहिणाऱ्याच्या फोनवर तो चालूच असणार, पैज लावतो.