पाचवा गिअर

होळीच्या दुसऱ्या दिवशी मिस्त्री म्हणाला, "साहेब, रामनवमीची शोभायात्रा तुम्ही याच गाडीतून पाहान." कोणत्या वर्षीची रामनवमी, हे विचारायचं मला सुचलं नाही.

गाडी म्हणजे कॉन्टेसा. 1986 ची, पांढरी (आता तिला पांढरी म्हणायला प्रेम लागतं), मूळची सासरेबुवांची. त्यांच्यामागे ती आमच्याकडे आली आणि नागपुरात त्रिमूर्तीनगरातल्या आमच्या गल्लीत दोन गाड्यांची जागा अडवून बसली. घरात मी तिला स्पोर्ट्स कार म्हणतो. हसू नका, माझ्याकडे पुरावा आहे. 1955 साली इंग्लंडमध्ये एमजीए नावाची दोन सीटांची, बसकी, देखणी स्पोर्ट्स कार निघाली. तिच्यात बीएमसीचं (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं) 1489 सीसीचं बी-सिरीज इंजीन होतं. हिंदुस्तान मोटर्सनं 1984 मध्ये कॉन्टेसा काढली तेव्हा तिच्यात त्याच घराण्यातलं, तेवढ्याच सीसीचं इंजीन घातलं. ही वंशावळ मी एका रविवारी बायकोला तर्री-पोहे खाता खाता समजावून सांगितली.

"म्हणजे ॲम्बेसेडरमधलंच ना ते?"

"हो, तेच."

"मग स्टेशनाबाहेर उभ्या राहायच्या त्या टॅक्स्याही स्पोर्ट्स कारच म्हणायच्या."

मी पोह्यांवर आणखी तर्री घेतली.

फरक एवढाच की एमजीएच्या इंजिनाला दोन कार्बोरेटर आणि ओढायला टनाच्या आतली गाडी. आमच्या इंजिनाला एक कार्बोरेटर, पन्नासेक घोड्यांची ताकद, आणि ओढायला व्हॉक्सहॉल व्हिक्टर या इंग्रजी गाडीचा अख्खा वाडा, कारण कॉन्टेसाचं अंग तिच्यावरूनच घेतलेलं. त्यात गिअर चारच. चौथा सरळसोट: इंजिनाचा एक फेरा, मागच्या शाफ्टचाही एक फेरा. शहरात काही बिघडत नाही, कारण शंकरनगरपासून बर्डीपर्यंत चौथा टाकायची वेळच येत नाही. पण हायवेवर सत्तर-पंच्याहत्तरच्या पुढे गेलं की बॉनेटखाली पिठाची गिरणी सुरू होते.

तरी वर्षानुवर्षं आमचं बरं चाललं होतं. मग 11 डिसेंबर 2022 ला समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा 520 किलोमीटरचा पहिला टप्पा सुरू झाला आणि माझी झोप गेली. घरापासून अर्ध्या तासावर 120 ची परवानगी असलेला सरळ रस्ता, आणि दारात गिरणी!

रात्री बारानंतर मी व्हिडिओ पाहायला लागलो. अमेरिकेतले लोक साठ वर्षं जुन्या मस्टँगमध्ये ट्रेमेक कंपनीचा पाच गिअरांचा नवा गिअरबॉक्स बसवतात. इंग्रज लोक एमजीत फोर्ड सिएराचा बसवतात. त्याच्याही आधी त्यांच्याकडे लेकॉकचं ओव्हरड्राइव्ह होतं, एक बटण दाबलं की इंजिनाचे फेरे कमी. सगळ्यांचं तत्त्व एकच. वरच्या गिअरचा आकडा एकाच्या आत ठेवायचा. समजा 0.85. म्हणजे चौथ्यात इंजीन जिथे 4000 फेरे मारतं, तिथे पाचव्यात त्याच वेगाला 3400. गिरणी बंद, पेट्रोल कमी, आयुष्य जास्त. व्हिडिओतला माणूस हे सगळं शनिवारी सकाळी सुरू करतो आणि रविवारी दुपारी हात पुसत गाडी बाहेर काढतो. त्याच्या गॅरेजची फरशी आमच्या देवघरापेक्षा स्वच्छ असते. तिथेच मला शंका यायला हवी होती.

पुढे कॉन्टेसालाही 1.8 लिटरचं इसुझू इंजीन आणि पाच गिअर आलेच होते. तसा बॉक्स मला भंगारात सापडला. इंजीन मात्र बदलायचं नव्हतं, त्याचा नंबर आरसी बुकात आहे. गिअरबॉक्सचा नंबर कुणी विचारत नाही, ही माझी अक्कलहुशारी. मिस्त्रीला विचारलं, "जुन्या इंजिनाला हा बसतो का?"

तो तंबाखू मळत म्हणाला, "बसवला तं बसते ना बाप्पा."

घरी मी बायकोला नऊ हजार सांगितले. तेवढी फक्त विसाराची रक्कम होती.

ऑटोमोटिव्ह चौकाच्या अलीकडे, कडुनिंबाखाली, गाडी लोखंडी घोड्यांवर (स्टँडवर) चढली ती चढली. जुना बॉक्स दोन तासांत खाली आला. मोडतोडीत आपली माणसं अमेरिकेच्या पुढे आहेत. नवा वर जाईना. इंजिनाचे बोल्ट एकीकडे, बॉक्सच्या तोंडाची भोकं भलतीकडे. मध्ये एक प्लेट लागणार आणि ती अशी लागणार की बॉक्सचा शाफ्ट क्रँकच्या बरोबर मधोमध यायला हवा. जरा इकडेतिकडे झालं की आधी बेअरिंग जातं, मग गिअर आपोआप सुटायला लागतात. हिंगणा एमआयडीसीत एका लेथवाल्याकडे ती प्लेट तीनदा झाली. मिस्त्रीचं माप सुतात, लेथवाल्याचं मायक्रॉनात आणि माझं हप्त्यांत. दोन्ही अर्थांनी.

रामनवमी गेली. मे महिना आला, पारा पंचेचाळीसवर गेला. दुपारी गाडीखाली जायला कुणी तयार नव्हतं, आणि मीही कोणत्या तोंडानं सांगणार? मधल्या काळात क्लच प्लेटचा घोळ झाला. तिचा घेर जुन्या फ्लायव्हीलचा हवा आणि मधले दाते नव्या शाफ्टचे. अशी प्लेट जगात कुणी बनवत नाही, म्हणून दोन प्लेटा फोडून एक केली. त्या कारागिराला मी मनोमन नमस्कार केला आणि त्यानं सांगितलेल्या आकड्यालाही केला. प्रोपेलर शाफ्ट कापून, वेल्डिंग करून, बॅलन्सिंग करून आणला. मीटरची केबल कशीबशी जोडली, पण मीटर तेव्हापासून स्वतःच्या मनानं चालतो.

मग आली दांडी. बॉक्स बसला, बोल्ट आवळले, मिस्त्रीनं मला सन्मानानं आत बसवलं आणि खालून ओरडला, "आता दांडी घाला साहेब!" दांडी जिथून वर यायची होती तिथे भोकच नव्हतं. होतं ते जुनं, वीतभर पुढे. पत्रा कापला. आता दांडी आली, पण हँडब्रेकला खेटून. दुसऱ्या आणि चौथ्यात टाकायची तर आधी हँडब्रेक खाली असावा लागे आणि माझी बोटं दोघांच्या मधे नसावी लागत. ही दुसरी अट मला रक्त निघाल्यावर कळली. मिस्त्रीनं दांडी काढली, वाइसमध्ये धरली, गॅसच्या ज्योतीनं लाल केली आणि पाइप घालून वाकवली. एक डोळा मिटून पाहिलं. पुन्हा वाकवली. पाण्याच्या डब्यात बुडवली, चर्र झालं. आता ती इंग्रजी एसासारखी दिसते आणि तिसरा टाकताना हात थेट रेडिओपर्यंत जातो. एकदा गिअर पडला आणि आकाशवाणी नागपूर लागलं.

पोळा आला. "पोळ्याच्या करीले देतो" असा शब्द होता. तान्ह्या पोळ्याच्या सकाळी आम्ही मारबत बघायला इतवारीत गेलो. काळी मारबत, पिवळी मारबत (गावची पीडा घेऊन जाणारे मोठाले पुतळे), मागे बडगे, म्हणजे आणखी पुतळे, आणि गर्दी ओरडतेय, "इडा पीडा घेऊन जा गे मारबत!" बायको माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "अहो, विचारा ना, गिअरबॉक्स पण नेतात का?"

गंमत करत होती, पण तेवढंच नव्हतं. संध्याकाळी म्हणाली, "बाबांनी याच गाडीत चार गिअरांत आम्हाला पंढरपूरला नेलं होतं. आईला मागे उलट्या होत होत्या, तरी नेलं." यावर मी काय बोलणार? तिचं बालपण त्या मागच्या सीटवर गेलं होतं आणि मी ती सीट सहा महिन्यांपासून पोत्याखाली झाकून ठेवली होती.

खांडेनवमीला मिस्त्रीनं पान्यांची, जॅकची आणि माझ्या गिअरबॉक्सची पूजा केली. झेंडूचा हार दांडीलाही घातला. दसऱ्याला गाडी घरी आली. त्या दिवशी दीक्षाभूमीच्या गर्दीमुळे आमच्याकडचे रस्ते बंद, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. वर्ध्याला जाऊन गोरसपाक, म्हणजे तिथली प्रसिद्ध बिस्किटं, आणायचा, हे निमित्त.

"पाचव्याच्या खाली काय आहे?" तिनं दांडीकडे बघत विचारलं.

"रिव्हर्स."

तिनं पट्टा लावला.

शिवमडक्याहून समृद्धीवर चढलो. पहिला, दुसरा, तिसरा (आकाशवाणी), चौथा. पंच्याहत्तरला गिरणी सुरू झाली. मी श्वास रोखला, दांडी उजवीकडे ढकलून पुढे सारली आणि पाचवा पडला. गिरणी थांबली! खरंच थांबली. एवढी शांतता झाली की डिक्कीतला जॅक, मागच्या दाराची कडी आणि वायपरचं काहीतरी, असे तीन आवाज मला पहिल्यांदाच ऐकू आले. ते तिघे बहुधा 1986 पासून बोलत असावेत.

"बघ!" मी म्हणालो.

ती काचेबाहेर बघत होती. "आपण हळू होऊन राहिलो का?"

होत होतो. समोरून वारा होता, पुढे पुलाचा हलका चढ होता, आणि पन्नास घोड्यांपैकी निम्मे बहुधा सासरेबुवांबरोबर गेले असावेत. पाय पूर्ण दाबलेला. पंच्याहत्तर, सत्तर, पासष्ट. मागून ट्रक आला, त्यानं हॉर्न दिला आणि तो आमच्या पुढे गेला. मग दुसरा ट्रक. त्याच्यात संत्री होती.

"चौथा टाका," ती म्हणाली.

"थोडं थांब, वेग पकडेल."

"अहो, इंजीन थरथरतंय, ऐकू नाही येत का? चौथा टाका."

टाकला. गिरणी सुरू झाली, गाडी मुकाट्यानं चढ चढून गेली. पुढे उताराला मी पुन्हा पाचवा टाकून पाहिला, तो छान चालला. उतार पाचशे मीटरांचा होता.

येळाकेळीला उतरलो, वर्ध्यात गोरसपाक घेतला. परत निघताना तिनं किल्लीसाठी हात पुढे केला. ती याच गाडीवर गाडी शिकली होती, हे मी साफ विसरलो होतो. वाकडी दांडी तिच्या हातात कशी कोण जाणे सरळ वाटत होती, रेडिओही लागला नाही. टोल ओलांडून पंच्याहत्तर गाठले, गिरणी सुरू झाली, आणि ती निवांत एका हातानं गोरसपाकचं पाकीट उघडायला लागली.

मी थोडा वेळ वाट पाहिली. मग म्हणालो, "पाचवा?"

"तो तुमचा आहे," ती म्हणाली. "तुमची पाळी येईल तेव्हा टाका."