जुनी गाडी थरथरते, घाटात ओढत नाही: फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

साताऱ्यातल्या बऱ्याच व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: जुनी पेट्रोल गाडी उभ्या जागी थरथरत असेल आणि घाटात ओढत नसेल, तर इथेनॉलने इंजेक्टर (इंजिनात पेट्रोल फवारणारे भाग) खराब केले असं समजा. टाकीत क्लीनरची बाटली ओता, सगळे प्लग बदला, बॅटरीची तार रात्रभर काढून ठेवा, सायलेन्सरमधली जाळी काढून टाका. एवढं करूनही फरक पडला नाही तर इंजिन संपलं. मग इंजिनकाम करा, नाहीतर गाडी भंगारात द्या.

हा शेवटचा सल्ला ऐकून लोक चांगल्या गाड्या मातीमोल भावाने देऊन टाकतायत, म्हणून हे लिहितोय. पंधरा वर्षांची गाडी वापरणारे बहुतेक जण ती हौसेखातर ठेवत नाहीत. घरात म्हातारं माणूस असतं, दवाखाना साताऱ्यात असतो आणि नवी गाडी आवाक्यात नसते. अशा माणसाला अंदाजाने खर्चात पाडणं मला सहन होत नाही.

मेसेजची पहिली चूक यादीच्याही आधीची आहे. थरथर आणि कमी ओढ हे त्यात एकच दुखणं धरलंय. कधी तसं असतं, पण बऱ्याचदा नसतं. गाडी उभ्या जागी हलते आणि थोडी रेस दिली की शांत होते का? मग कुठून तरी जास्तीची हवा आत जाते का, थ्रॉटल बॉडीत (हवा आत सोडणाऱ्या झडपेच्या घरात) काजळी धरलीय का, एखाद्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन (आत दाबल्या जाणाऱ्या हवेचा दाब) कमी आहे का, हे बघायचं. उलट, पोवई नाक्यावर सिग्नलला गाडी छान उभी राहते आणि यवतेश्वरचा चढ लागला की मान टाकते, तर पेट्रोलचा पुरवठा, कॉइल (प्लगला व्होल्टेज देणारी) आणि सायलेन्सरकडे वळायचं. चढावर इंजिनचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, तेव्हा क्लच घसरतोय. इंजेक्टरचा तिथे काही संबंध नाही. गाडी थांबवल्यावर एकच चाक हात लावू देणार नाही इतकं तापलेलं असेल तर ब्रेक जाम आहे. इंजिन एकसारखं चालतंय पण स्टिअरिंग आणि सीट थरथरतेय, तर आधी फाउंडेशनचे, म्हणजे इंजिन ज्यांवर बसवलेलं असतं ते रबर बघा. तीन सिलिंडरच्या इंजिनात थोडा कंप मुळातच असतो, रबर फाटलं की तोच अंगावर येतो.

पसरणीचा घाट चढून महाबळेश्वरला गेल्यावर पिकअप थोडा कमी वाटला तर घाबरू नका. महाबळेश्वर साधारण १,३७० मीटरवर आहे. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर ३०० मीटरला साधारण ३ टक्क्यांनी उतरते, कारण तिथे हवाच विरळ असते. हा दोष नाही.

आता इथेनॉल. या मुद्द्यात तथ्य आहे, म्हणूनच तो पटकन पटतो. २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आता सगळीकडे आहे. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश असते, त्यामुळे ॲव्हरेज थोडं उतरणारच. ते पाणी ओढून घेतं. जुन्या रबरी नळ्या आणि सील त्याने खराब होऊ शकतात, टाकीत साचलेला गाळ सुटून फिल्टरमध्ये येऊ शकतो. कार्ब्युरेटरच्या गाडीला तर मिश्रण आपोआप जुळवून घेता येत नाही, तिथे जेटचं (पेट्रोल सोडणाऱ्या बारीक छिद्राचं) सेटिंग बघावंच लागतं. पण इंजेक्शनच्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर असतो आणि ठरावीक मर्यादेत गाडीतला कॉम्प्युटर पेट्रोलची मात्रा वाढवून घेतो. शिवाय एक साधी गोष्ट विचारा: चारही सिलिंडरला पेट्रोल एकाच टाकीतून जातं, मग तिघं नीट काम करतायत आणि एकच मिस मारतोय (ठोका चुकवतोय), हे पेट्रोलमुळे कसं होईल? गाडी महिनोन्‌महिने उभी होती, टाकीत पाणी झालं, असं असेल तर पेट्रोल काढून बाटलीत बघा. खाली वेगळा थर दिसला तर तो पुरावा. तोवर इथेनॉलला बोल लावून गप्प बसणं म्हणजे तपासच न करणं.

क्लीनरच्या बाटलीबद्दल फार लिहायला नको. इंजेक्टरच्या तोंडावर थोडं किटण असेल तर चांगल्या क्लीनरने फरक पडतो. फाटलेला व्हॅक्यूम पाइप त्याने शिवला जात नाही, दमलेली पेट्रोलची मोटर तरतरीत होत नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, एवढाच त्याचा उपयोग होतो.

प्लगचं मात्र सविस्तर सांगतो. प्लग बदलण्याआधी काढून एका ओळीत मांडा आणि कुठला कुठल्या सिलिंडरचा ते लिहून ठेवा. टोक फिकट तपकिरी असेल तर तो सिलिंडर नीट जळतोय. सगळेच कोरडे काळे असतील तर पेट्रोल जास्त जातंय. एअर फिल्टर बघा, इंजिनचं तापमान सांगणारा सेन्सर बघा. तो बिघडून इंजिन कायम थंडच असल्याचं सांगत राहिला तर कॉम्प्युटर पेट्रोल वाढवत राहतो. एकच प्लग पेट्रोलने ओला असेल तर तिथे ठिणगी पडत नाही किंवा कॉम्प्रेशन नाही. तेलकट असेल तर ऑइल वर येतंय. सरसकट चारही बदलून जुने फेकून दिले की ही सगळी माहिती कचऱ्यात जाते, आणि दुखणं कॉइलचं किंवा वायरचं असेल तर नवे प्लगही तसेच मिस मारतात. चढावर सिलिंडरमधला दाब वाढतो आणि ठिणगी पडायला जास्त व्होल्टेज लागतं. अर्धमेली कॉइल सपाटीवर निभावते आणि नेमकी खंबाटकीला उघडी पडते, ती यामुळे. वायरवाल्या जुन्या गाडीचं बॉनेट रात्री अंधारात उघडा, इंजिन चालू ठेवा आणि हात न लावता नुसतं बघा. वायर फुटलेली असेल तर निळसर ठिणगी बाहेर उडताना दिसते. पावसाळी दमट हवेत तर लगेच दिसते.

कुठला सिलिंडर मेलाय हे शोधायला गाडी आयडलवर (रेस न देता चालू) ठेवून एकेका इंजेक्टरचं कनेक्टर काढतात. काढल्यावर इंजिन आणखी अडखळलं तर तो सिलिंडर काम करत होता. काढूनही काहीच फरक पडला नाही, तर चोर सापडला. चालू इंजिनची प्लग वायर ओढू नका. झटका बसतोच, वर न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमध्ये जातं.

बॅटरीची तार काढल्याने कॉम्प्युटरने साठवलेले कोड आणि शिकलेलं सेटिंग पुसलं जातं. गाडी दोन दिवस बरी वाटू शकते, दोष जागच्या जागी राहतो आणि त्याचा माग मात्र जातो. आधी कोड वाचा, मगच पुसा. बऱ्याच जुन्या गाड्यांना साधा स्कॅनर जोडता येत नाही, पण कंपनीच्या पद्धतीने त्यांचेही कोड वाचता येतात.

सायलेन्सरमधली जाळी म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. ती तुंबते हे खरं. पण आपणहून सहसा तुंबत नाही. महिनोन्‌महिने गाडी मिस मारत राहिली की कच्चं पेट्रोल तिच्यात जाऊन जळतं आणि ती आतून वितळते. म्हणजे जाळी काढली तरी मूळ दुखणं इंजिनातच राहतं. वर विषारी धूर बाहेर पडतो, आणि असा बदल कायद्यात बसत नाही. तुंबलीय की नाही हे तोडफोड न करता कळतं. इनटेकला (हवा आत जाण्याच्या वाटेला) तिथली ओढ मोजणारं व्हॅक्यूम गेज जोडा, रेस मिनिटाला साधारण अडीच हजार फेऱ्यांवर धरून ठेवा. काटा स्थिर राहण्याऐवजी हळूहळू खाली येत गेला तर मागे रस्ता बंद आहे. मात्र पुस्तकातला आयडलच्या व्हॅक्यूमचा १७ ते २१ इंचाचा (पाऱ्याच्या) आकडा समुद्रसपाटीचा आहे. सातारा सातशे मीटरच्या आसपास आहे, इथे दोन-अडीच इंच कमीच दिसणार. हे माहीत नसलेला मिस्त्री चांगल्या इंजिनालाही नापास करतो.

आणि शेवटी ‘इंजिन संपलं’. हे वाक्य कॉम्प्रेशन गेज न लावता कुणी उच्चारूच नये. सगळे प्लग काढा, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर फिरवा, प्रत्येक सिलिंडरचा आकडा लिहा. सगळे आकडे जवळपास असतील तर निम्मी भीती तिथेच संपते. एकच सिलिंडर बराच खाली असेल तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंग झिजल्यात. नाही चढला तर व्हॉल्व्हकडे (सिलिंडरच्या झडपांकडे) बघा.

इथे मेसेजवाल्यांनाच नव्हे, कित्येक मिस्त्रींनाही चकवणारी गोष्ट येते. टॅपेटचा (व्हॉल्व्ह दाबून उघडणाऱ्या भागाचा) आवाज येत नाही म्हणजे टॅपेट ठीक, असं सगळे धरून चालतात. सैल टॅपेट वाजतो. घट्ट झालेला टॅपेट आवाजच करत नाही. सीएनजीवर चाललेल्या गाडीत व्हॉल्व्हची सीट झिजते, व्हॉल्व्ह वर सरकतो आणि टॅपेट व व्हॉल्व्ह यांमधली गॅप संपत जाते. मग व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही, कॉम्प्रेशन गळतं आणि गरम गाडी आयडलला थरथरू लागते. जावळीकडची अशीच एक सीएनजीची गाडी आमच्याकडे आली होती. नवे प्लग, इंजेक्टर साफ, आणि ‘हाफ इंजिन टाका’ हा निकालही लागलेला. एका सिलिंडरच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हला फीलर गेजचं (गॅप मोजायच्या पातळ पट्ट्यांचं) सगळ्यात पातळ पानही जात नव्हतं. गॅप सेट केली, कॉम्प्रेशन वर आलं, थरथर गेली. व्हॉल्व्ह अजून जळला नव्हता म्हणून एवढ्यावर भागलं. आणखी काही महिने तशीच चालवली असती तर हेड उतरवावंच लागलं असतं, तरीही इंजिन बदलायची वेळ आली नसती.

तुमच्या गाडीला स्क्रूने सेट होणारे टॅपेट असतील आणि ती सीएनजीवर चालत असेल, तर आवाजाची वाट बघू नका. इंजिन पूर्ण थंड असताना, कंपनीच्या पुस्तकातल्या आकड्याशी ताडून गॅप मोजून घ्या. मिस्त्रीला आकडा कागदावर लिहून द्यायला सांगा, म्हणजे पुढच्या वेळी ती किती कमी झाली ते कळेल.