कोंबडीचा दगड

रविवारी सकाळी धुळ्याहून फोन येतो, "भो, दुपारी जेवायलाच येतोय!" काळा मसाला तयार, कळण्याच्या भाकरीचं पीठ तयार, कोंबडी मात्र फ्रीझरमध्ये उणे 18 अंशांवर दगड होऊन बसलेली. लगेच घरातला प्रत्येक जण तज्ज्ञ होतो.

काका म्हणतात, उन्हात ठेवा. भुसावळचं मे महिन्यातलं ऊन! कोंबडी बाहेरून कोमट होते, हाडापाशी बर्फ तसाच. गोठवल्याने जंतू मरत नाहीत, नुसते झोपतात. 5 ते 60 अंशांत जागे होतात आणि पाहुण्यांच्या आधी पंगतीला बसतात. पारा 32 च्या वर असला की कच्चं मांस तासभरापेक्षा जास्त बाहेर नको. म्हणजे आपल्याकडे उन्हाळाभर हा नियम रोजचाच. वहिनींचं गरम पाणीही त्याच कारणासाठी बाद.

खरा मार्ग म्हणजे आदल्या दिवशी फ्रिजच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात, खोलगट ताटात ठेवणं; वर ठेवली तर पाझरलेलं पाणी कोथिंबिरीवर टपकतं. दोन किलोच्या अख्ख्या कोंबडीला 24 तास तरी लागतात. पण आदल्या दिवशी कळवतील ते पाहुणे कसले?

मग गार पाणी. पिशवी घट्ट बांधून पातेल्यात पूर्ण बुडवायची, दर 30 मिनिटांनी पाणी बदलायचं. अर्ध्या किलोला साधारण तास. गच्चीवरच्या टाकीचं पाणी उन्हाळ्यात नळातूनच तापून येतं, तेव्हा माठातलं घ्या आणि बर्फाचे खडे टाका. अशी सुटलेली कोंबडी लगेच शिजवायची, परत गोठवायची नाही.

मुळात दोन किलोचा गोळा काळ्या कॅरीबॅगेत कोंबतो कोण? अर्ध्या अर्ध्या किलोच्या पिशव्या करा, हवा दाबून काढा, दोन बोटं जाडीच्या चपट्या ठेवा, वर तारीख टाका. पातळ थर पटकन गोठतो, बर्फाचे कण बारीक राहतात, मांसाचा रस टिकतो. हवा राहिली तर कडा पांढऱ्या, कोरड्या पडतात. अपाय नाही, पण चव गेली.

वीज गेली की सगळ्यांना फ्रीझर उघडून बघायचाच असतो. बंदच ठेवा, गच्च भरलेला 48 तास दम धरतो, अर्धा भरलेला 24. गावाला जाताना वाटीभर पाणी गोठवून वर रुपया ठेवा. परतल्यावर रुपया बर्फाच्या तळाशी दिसला, तर मागे सगळं वितळून पुन्हा गोठलंय. कोंबडी टाका. रुपया धुऊन घ्या.