रस्ता दीडशेचा, पण बाकीच्यांचं काय?

समृद्धी महामार्गावरून जाणाऱ्या आपल्याकडच्या लोकांच्या मोबाईलवर एक मेसेज फिरतोय: 'समृद्धी १५०च्या स्पीडसाठी बांधला. १२०ची लिमिट फक्त चलान फाडायले हाय. जर्मनीत तं लिमिटच नाही. टायरमंदी नायट्रोजन भरा अन् दाबा बिनधास्त.'

पहिलं वाक्य खरं आहे, म्हणून पुढचं सगळं पटतं. नागपूर-मुंबई ७०१ किलोमीटरच्या या रस्त्याचा डिझाइन स्पीड १५०च आहे.

चलानाचं आधी उरकू. द्रुतगती मार्गांवर कारसाठी ताशी १२० ही कमाल मर्यादा केंद्र सरकारने देशभरासाठी २०१८मध्ये ठरवली. समृद्धीचा नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला डिसेंबर २०२२मध्ये. तेव्हा ही मर्यादा आपल्या खिशावर डोळा ठेवून आणलेली नाही. वसुलीबद्दल तक्रार असेल तर ती जरूर करा, तो वाद वेगळा.

आता १५०. डिझाइन स्पीड म्हणजे वळणाचा बाक, वळणावरचा तिरपा उतार, पुढचं किती अंतर नजरेत येतं, याचा हिशेब. दीडशेला रस्ता तुम्हाला वळणावरून बाहेर फेकणार नाही, एवढंच इंजिनिअर सांगतोय. तुमचे झिजलेले ब्रेक, तुमची झोप आणि पुढचा ट्रक त्याच्या हिशेबात नाहीत.

ट्रकाला मर्यादा ८०ची. भरलेला ट्रक चढावर त्याहून बराच हळू चालतो. तुम्ही १२०वर असाल तर ८०च्या ट्रकामागचं २०० मीटर अंतर १८ सेकंदांत संपतं, १५०वर दहा सेकंदांत. रात्री त्याचे मागचे लाइट बंद असले (असतात राजेहो, नेहमीच असतात) तर तेवढेही मिळत नाहीत.

आणि रोही, म्हणजे नीलगाय. वाशिमच्या कारंजा-मालेगावकडच्या माणसाला हे सांगायला नको. कुंपण आहे, पण कुठे तार कापलेली असते, कुठे वाकवलेली. समजा रोही दिसल्यावर पाय ब्रेकवर जायला एक सेकंद लागला आणि सुक्या रस्त्यावर ब्रेक कचकचून लागले. १२०ची गाडी साधारण ११० मीटरमध्ये थांबते. १५०ची गाडी त्याच जागी पोचते तेव्हा काटा अजून शंभराच्या आसपास असतो. वेग पाव पटीने वाढला, पण धडकेचा जोर दीड पटीच्या वर गेला. पाय उंच असल्याने दोन-अडीच क्विंटलचा रोही बंपरवर थांबत नाही, काचेतून आत येतो. एवढं करून मिळतं काय, तर शंभर किलोमीटरमागे दहा मिनिटं.

जर्मनीबद्दल अर्धवटच सांगितलं आहे. तिथे ऑटोबानच्या बऱ्याच भागांत पक्की मर्यादा आहे, आणि जिथे नाही तिथे १३०चा सल्ला. त्याहून जोरात जाताना अपघात झाला तर, चूक समोरच्याची असली तरी, भरपाईत तुमचा वाटा धरला जाऊ शकतो. आपल्यासारखं डाव्या-उजव्या कुठल्याही बाजूने घुसणं तिथे चालत नाही.

नायट्रोजनचा दावा मात्र घातक आहे, कारण तो भरला की माणूस टायरकडे पाहणंच सोडतो. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. तो भरल्याने हवा जरा सावकाश उतरते, पण जुना टायर त्याने नवा होत नाही. टायर तापतो तो मुख्यतः स्वतःच्या लवण्याने. हवा कमी, वजन जास्त आणि वेग जास्त असला की अधिकच. त्यात मे महिन्यातला आपला ४५ अंशांचा उन्हाळा आणि तापलेलं काँक्रीट. प्रेशर सकाळी निघण्याआधी, टायर थंड असताना तपासा. वाटेत तापलेल्या टायरचं प्रेशर वाढलेलं दिसलं म्हणून हवा सोडू नका. टायरच्या बाजूवर 'डीओटी' (DOT) या अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. २३१८ असेल तर तो २०१८च्या २३व्या आठवड्यातला. हे आकडे कधीकधी आतल्या बाजूला येतात, तेव्हा सेकंडहँड टायर घेताना दुकानदाराला तो फिरवून दाखवायला लावा.