क्रोममधील आगंतुक

व्हिंटेज मोटारीच्या दिव्याचे जवळून छायाचित्र काढू गेले असता, प्रत्यक्षात निघते ते छायाचित्रकाराचेच छायाचित्र, आणि तेही नाक फुगलेले व पाय आखडलेले. क्रोमचा मुलामा चढवलेला तो फुगीर दिवा समोरचे सारे जग पोटात घेतो. त्यात आकाश येते, प्रदर्शनाचे फलक येतात, ‘ही अजून चालते का हो?’ असे विचारणारे गृहस्थ येतात आणि नेमका मधोमध गुडघे टेकून बसलेला मी येतो. पोलरायझर, म्हणजे परावर्तनाची चमक कापणारा फिल्टर, लावावा, तर तो काचेवरची आणि रंगावरची चमक निमूटपणे उतरवतो. उघड्या धातूपुढे मात्र त्याची मात्रा चालत नाही, कारण धातूवरून परतणारा प्रकाश मुळात फारसा ध्रुवित, म्हणजे एकाच दिशेने कंप पावणारा, होतच नाही. म्हणून मी काळे कपडे घालतो, १०० मिलिमीटरची मॅक्रो लेन्स (बारीक वस्तू जवळून मोठी टिपणारी) लावून शक्य तितका मागे सरकतो आणि ढगाळ हवेसाठी देव पाण्यात ठेवतो. १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात क्रोम रुळण्यापूर्वी मोटारींना बहुधा निकेलचा मुलामा असे. त्याची झाक किंचित पिवळसर असल्यामुळे निदान त्यात मी आजारी दिसत नाही.

रोल्स-रॉइसच्या रेडिएटरवरील ‘स्पिरिट ऑफ एक्स्टसी’ची तऱ्हा आणखी वेगळी. चार्ल्स साइक्स या शिल्पकाराने घडवलेली ही मूर्ती १९११ पासून वाऱ्याला सामोरी उभी आहे. परंतु तिचे नाक रेखीव यावे, तर पंखांसारखी मागे उडणारी वस्त्रे धूसर होतात आणि वस्त्रे साधावीत, तर नाक जाते. फोकसचा पल्ला वाढावा म्हणून लेन्सचे छिद्र एफ ११ पर्यंत लहान केले, तरी इतक्या जवळून दोन्ही साधत नाहीत. उपाय एकच: फोकस तसूतसूने सरकवत अनेक छायाचित्रे घ्यायची आणि नंतर ती एकत्र जोडायची. त्यासाठी तेवढा वेळ कोणीही गाडीला हात लावू नये, एवढीच माफक अपेक्षा असते. नेमके त्याच वेळी मालक फडके घेऊन येतात आणि ‘थांबा साहेब, जरा पुसून देतो’ म्हणत मूर्तीच्या खांद्यावर एक धागा ठेवून जातात, जो मॅक्रो लेन्समधून जहाजाच्या दोरखंडासारखा दिसतो.

पुढे निवडक छायाचित्रे मी त्यांना आवर्जून पाठवतो. एक दाराची मूठ, एक चाकाची आरी, एक मूर्तीचे नाक. त्यांचे उत्तर तत्परतेने येते: ‘सुंदर! आता गाडीचेही फोटो पाठवा.’